हमीदभाईंचं जिनोआ

हमीदभाई मुकादम कतारच्या दोह्यात पायी चालतात. हे वाक्य दोह्याबाहेरच्या माणसाला साधं वाटेल. अल सद्दमधल्या आमच्या इमारतीत समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची झाली तरी लोक आधी गाडीचा एसी लावतात. हमीदभाई डोक्याला ओला रुमाल बांधतात आणि भर उन्हात सुटतात. त्यात वर्ल्ड कपसाठी अख्खं शहर खणून ठेवलेलं. सकाळचा रस्ता संध्याकाळी जागेवर असेलच असं नाही. दया येऊन कोणी गाडी थांबवली, तर हेच खिडकीत वाकून सांगतात, "पुढं बंद हाय. डावीकडनं घ्या."

गाव रत्नागिरी, वय पंचावन्न, काम स्टेडियमच्या साइटवर सर्वेयरचं. अंतर विचारलं की किलोमीटर सांगत नाहीत, पावलं सांगतात.

एका ईदच्या सुट्टीत आमची दोन्ही कुटुंबं भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर गेली. सकाळी जहाज इटलीतल्या जिनोआला लागलं. साडेचारच्या आत परत चढायचं होतं. आमच्या बायकांनी शहाणपणानं बसची टूर घेतली. मीही बसच्या रांगेत होतो. हमीदभाईंनी दंडाला धरून मला बाहेर काढलं.

"काचेतनं गाव बघायचं, तर घरचा टीव्ही काय वाईट होता, जोशी? यल्ला, चला!"

"आणि हरवलो तर?"

"बंदराच्या गावात माणूस हरवत नाही. उताराला लागायचं. पाणी जातं तिथं आपण जातो."

दुपारी दोनला आम्ही उताराला लागलो आणि थेट कोणाच्या तरी अंगणात, वाळत घातलेल्या चादरींत शिरलो. एक म्हातारी तावातावानं इटालियनमध्ये बोलू लागली. हमीदभाई तितक्याच अदबीनं मराठीत बोलले. शेवटी तिनं हसून एका जिन्याकडे बोट दाखवलं.

"वर जा म्हणते."

"तुम्हाला इटालियन येतं?"

"बोटाला व्याकरण कशाला लागतं?"

जिना संपता संपेना. वरच्या गच्चीसारख्या चौकात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. "खलास, आता फिरा मागे," मी म्हणालो.

"दोन मिनिटं, जोशी." आवाज एकदम खाली आला होता. त्यांनी फोन काढून घरी व्हिडिओ कॉल लावला. "अब्बा जहाजावर इंजिनात होते. या बंदरात कितीदा आले. पण जहाज लागलं की दुरुस्ती निघायची. गावात पाऊल टाकायला मिळालं नाही कधी."

पडद्यावर बनियनमधले एक थकलेले गृहस्थ आले. हमीदभाई त्यांना गल्ल्या, जिने, रंगीत भिंती दाखवू लागले. "हे बघा अब्बा, जिनोआ!"

"घरं बघितलीत रे मी," म्हातारा म्हणाला. "डेकवरनं रोज दिसायची. तुझं जहाज कुठाय? ते दाव."

हमीदभाईंनी फोन फिरवला. खूप खाली, धक्क्याला चिकटून, आमचं पांढरं जहाज उभं होतं. काड्यापेटीएवढं. अब्बांनी चेहरा पडद्याजवळ आणला.

"गावातनं असं दिसतं होय," अब्बा म्हणाले. "आमीपण असेच दिसत असणार मग."

हमीदभाईंनी फोन तसाच जहाजाकडे धरून ठेवला. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.