विदाऊट अप्पा

आमच्या कॉलनीत कुणाकडे पाहुणा आला, की घोटभर पाणी मिळायच्या आधी त्याला एक प्रश्न मिळतो. "कुटनं? कुटवर?" विचारणारे गृहस्थ फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले असतात, अंगात काळा कोट असतो आणि सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा त्या कोटाचं एक बटण उघडं नसतं. पाहुणा गडबडतो. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका बिचाऱ्यानं तर खिशातून आधार कार्ड काढून दाखवलं होतं. ते उलटसुलट पाहून परत देत अप्पा म्हणाले, "जावा."

अप्पा कुर्डुवाडीला जन्मभर टीसी होते. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, तिकीटवाली आणि विदाऊट. लग्नाआधी फिरणारी जोडपी विदाऊट. इंग्रजी शाळेत जाणारी पोरं विदाऊट. भाडेकरू, कवी आणि जीन्स घालणाऱ्या सुना तर विदाऊटच. कॉलनीनं मग त्यांचंच नाव विदाऊट अप्पा ठेवलं. हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे.

असा माणूस विधानसभेला उभा राहणारच. दोनदा राहिले. ज्या पक्षाला आपण जुन्या वळणाचा समजतो, त्या पक्षाच्या लोकांनीही त्यांना चहा पाजून परत पाठवलं, इतके अप्पा जुन्या वळणाचे. तेव्हा अपक्ष. चिन्ह म्हणून शिट्टी मागितली होती, मिळाली फुलकोबी. शिस्त, संस्कार आणि फुलकोबी असा तो प्रचार. रिक्षावर भोंगा लावून ते स्वतःच ओरडत फिरायचे आणि मध्येच ओरडणं थांबवून रिक्षावाल्याचं लायसन तपासायचे.

त्यांचा जाहीरनामा शुद्धलेखनासाठी माझ्याकडे यायचा, कारण मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या भागाची बीएलओही मीच. म्हणजे शाळा सांभाळून मतदार यादी हातात घ्यायची आणि घरोघर जाऊन कोण राहतं, कोण गेलं, कोण वारलं ते लिहायचं. मागच्या जन्मी काही पापं केली असणार, म्हणून अप्पा दोन्हीकडून माझ्या वाट्याला आले.

जाहीरनाम्यातलं पहिलं कलम, मुलींनी सातच्या आत घरात.

"अप्पा, माझ्या मीटिंगा आठपर्यंत चालतात. मी काय करू?"

"तुमी सरकारी कामावर, बाई. तुमाला पास."

दुसरं कलम पाण्याचं. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. प्रत्येक उमेदवार रोज पाणी द्यायचं वचन देतो आणि विसरतो. अप्पांनी लिहिलं होतं, पाणी रोज येऊच नये, रोज आलं की माणसं आळशी होतात. हे एकमेव वचन आजवर तंतोतंत पाळलं गेलं आहे. पण त्या एका कलमानं त्यांनी तमाम बायकांची मतं घालवली, पुरुषांची तेवढी वाचली, कारण कळशीनं पाणी भरणारे पुरुष मुळात आमच्याकडे फार नाहीत.

सरकारनं कुणाला काही फुकट देऊ नये, हे तिसरं कलम. ते सांगायला अप्पा पुण्याला जायचे, रेल्वेच्या फुकट पासवर.

चौथं कलम त्यांचं लाडकं. आईबाप समोर हजर असल्याशिवाय आणि त्यांची सही असल्याशिवाय कोणत्याही लग्नाची नोंद होऊ नये. हे कलम जाड अक्षरात. मी एकदा म्हटलं, "अप्पा, सज्ञान माणसांना आईबापाची सही कशाला?" त्यावर त्यांनी ते कलम पुन्हा वाचायला घेतलं आणि मला वाटलं आपण जिंकलो. मग म्हणाले, "अक्षर अजून जाड करा."

आणि पाचवं, मतदार यादी शुद्ध करा. जो घरात राहत नाही, त्याचं नाव काढा. हे मात्र अप्पांनी निवडून यायची वाट न पाहता सुरू केलं. सकाळी सहाला ते यादी घेऊन जिने चढायचे आणि दारातल्या चपला मोजायचे. मग माझ्याकडे अर्ज यायचा. "मतदार चार, चपला तीन जोड. एक विदाऊट. तपास व्हावा." मला घरची भांडी घासायला वेळ मिळत नाही आणि मी याच्या चपलांचे तपास करत फिरायचे! मला ते मनापासून आवडत नसत, हे इथे स्पष्टच सांगते.

जाधवांचं प्रकरण त्यातूनच झालं. जाधव अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला, महिन्यातून दोनदा घरी येतो. अप्पांनी अर्ज ठोकला, चौकशी झाली, पोराचं नाव गेलं. जाधववहिनी यादी हातात धरून माझ्या दारात रडल्या. "घरातनं नाव काढलं की हो बाई पोराचं. मेल्यागत."

मग जाधवांनीही नाव काढायचा तोच फॉर्म आणला आणि भरला. आक्षेप कुणावर, तर मेघनावर. मेघना म्हणजे अप्पांची एकुलती मुलगी. सात वर्षांपूर्वी तिनं एका तेलुगू विणकर घरातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि दोघं हैदराबादला गेली. ती परत आलेली कुणी पाहिली नाही. नाव मात्र आमच्या यादीत अजून होतं, अप्पांच्या नावाच्या लगेच खाली.

"आता कळू दे की त्यांना," जाधव म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. तो कागद घेऊन मी रविवारी दुपारी निघाले, तेव्हा दारातच काय विचारायचं ते मनात घोकत होते. अप्पा, ही विदाऊट कुटनं? कुटवर?

त्यांच्या दारात चपलांचे दोन जोड होते. एक अप्पांचा. दुसरा मुलीच्या सँडलचा, जुन्या पद्धतीचा, निळ्या पट्ट्यांचा. पट्टे सुकून चिरले होते, पण धुळीचा कण नव्हता. मतदार दोन, चपला दोन जोड. घोकलेलं वाक्य न म्हणता मी नुसता कागद पुढे केला.

अप्पांनी कागद वाचला. कोट अंगात नव्हता. कोटाशिवाय ते इतके लहानखुरे दिसतात, हे मला माहीत नव्हतं. बायको गेली तेव्हा याच माणसानं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं नाव काढायचा अर्ज स्वतः माझ्या हातात दिला होता आणि मी घरी येऊन म्हटलं होतं, काळीज आहे की तिकीट पंच करायचं यंत्र!

"साक्षीदार म्हनून सही करा म्हनली हुती मला," ते कागदाकडे बघत म्हणाले. "मी न्हाय म्हनलो. मग ती गेली दुसऱ्याची सही घेऊन. कायद्यात बापाची सही लागती असं असतं, तर परत आली असती की हो माझ्याकडं. दुसऱ्यांदा मागितली असती. मी दिली असती, बाई."

चौथं कलम मी दोन निवडणुकांत दोनदा शुद्ध करून दिलं होतं. अक्षर जाड करून दिलं होतं. आणि दर वेळी शाळेत जाऊन इतर शिक्षिकांना ते वाचून दाखवून हसले होते. मला माझीच लाज वाटली.

"अप्पा," मी म्हटलं, "दार बंद होतं, कुणी भेटलं नाही, असं लिहिते मी. राहू दे नाव."

ते एकदम ताठ झाले. "खोटं लिवायचं न्हाय. जाधवाच्या पोराला एक कायदा आन् माज्या पोरीला दुसरा?" मग चष्मा लावून त्यांनी माझ्या चौकशीच्या फॉर्मवरचे रकाने बोटानं एकेक करून वाचले. मयत. दुबार. स्थलांतरित. पुन्हा पहिल्यापासून वाचले. "बाई, 'रुसलीय' असं कुटं लिवायचं?"

"तसा रकाना नाही, अप्पा."

"व्हय," म्हणाले. स्थलांतरितवर खूण त्यांनीच केली. सहीच्या जागेवर पेन टेकलं आणि तिथंच राहिलं. आत स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला, तरी ते उठले नाहीत.

"हितलं नाव गेल्याबिगर तितं लागत न्हाय न्हवं?"

"हो. दोन ठिकाणी ठेवता येत नाही."

"मग तितला बीएलओ जाईल की तिच्या घरी. तुमच्यासारकाच. ईचारंल न्हवं तिला, कुटनं आलात म्हनून?"

"विचारतात, अप्पा. विचारावंच लागतं."

"मग सोलापूर म्हनंल ती," अप्पा म्हणाले आणि त्यांनी सही केली.