दुसऱ्या हॉर्नचे दगा नाना

आमच्या शेजारचे दगा नाना रोज सकाळी साडेसहाला वाद्य वाजवतात, आणि गेल्या एकोणीस वर्षांत त्यांनी एकही गाणं वाजवलेलं नाही.

म्हणजे असं, की पलीकडच्या गच्चीवरून 'प्याँ' असा एक आवाज येतो. मग शांतता. मग दोनदा 'प्याँ, प्याँ'. त्यानंतर इतकी लांब शांतता, की माणसाने संपलं समजून चहाचा कप तोंडाला लावावा. लावला, की 'प्याँ!' कॉलेजच्या ऑफिसात बदली होऊन मी अमळनेरला राहायला आलो, तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, ह्यांचं वाद्य बिघडलंय. नवव्या दिवशी मी मोठ्या सौजन्याने विचारलं, "नाना, दुरुस्तीला जळगावला न्यायचं का?"

नाना शांतपणे अहिराणीत म्हणाले, "वाद्य ठीक शे. बाकीनं बठ्ठं तुले ऐकू येत नही, त्याले मी काय करू?"

बठ्ठं म्हणजे सगळं, आणि बाकीचं सगळं म्हणजे अख्खा बँड. नाना फौजेत होते, पण बंदूकवाले नव्हे. एका पलटणीच्या बँडमध्ये त्यांनी चोवीस वर्षं सेकंड हॉर्न वाजवला. हे पितळेचं गोल गुंडाळलेलं वाद्य. ह्याचं काम एकच. क्लॅरिनेट आणि कॉर्नेट चाल वाजवणार, ढोल पाऊल धरणार, आणि हॉर्नने दोन पावलांच्या मधल्या फटीत 'प्याँ' म्हणायचं. पहिल्या हॉर्नला कधीमधी चार सूर ओळीने मिळतात. दुसऱ्याला तेही नाहीत. त्याने उरलेला वेळ मोजत उभं राहायचं. चार मात्रांचं एक घर, अशी वीस-वीस घरं तोंड मिटून मोजायची आणि एकविसाव्याला नेमकं फुंकायचं.

ही मोजायची सवय फौजेने परत घेतली नाही. दवाखान्यात नंबर लावून बसले, की नानांचे ओठ हलायला लागतात. "एक-दो-तीन-चार, दो-दो-तीन-चार, तीन-दो-तीन-चार..." लोकांना वाटतं, जप चाललाय. एकदा एक बाई त्यांच्या पाया पडल्या. नानांनी मोजणं न थांबवता आशीर्वादाचा हात वर केला. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, हयात होत्या तेव्हा त्या भांडायला लागल्या की नाना मोजत बसत. अक्का दमून श्वास घ्यायला थांबल्या, की नेमक्या त्या जागी नाना म्हणत, "चहा?" अक्का मला सांगायच्या, "भाऊ, ह्या माणसाशी भांडून काही हाती लागत नाही."

"एंट्री सांभाळ," म्हणजे आपली आत शिरायची वेळ चुकवू नकोस, हा त्यांचा एकमेव उपदेश. सासरी निघालेल्या पुतणीला हाच, आणि रिटायर झालो त्या दिवशी हार घालून घरी आलो तेव्हा मलाही हाच. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात नाना पंगत सोडून वरातीच्या बँडमागे जाऊन उभे राहिले. वाजवणाऱ्यांची रांग वाकडी आहे म्हणून त्यांनी बँड थांबवला, प्रत्येकाचे खांदे धरून रांग सरळ केली आणि मगच पुढे जाऊ दिलं. नवरदेव तोवर घोडीवर घाम पुसत होता. मुलीकडचे म्हणाले, हा म्हातारा मुलाकडचा असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचा.

मी त्यांची खूप थट्टा केली आहे. आज ते आठवून बरं वाटत नाही.

नानांच्या पलटणीच्या बँडमध्ये खानदेशातले चौघं होते. क्लॅरिनेटवाले तोताराम धुळ्याचे, कॉर्नेटवाले एकनाथ पहूरचे, ढोलवाले सुपडू दीपनगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचे, आणि आमचे नाना. रिटायर झाल्यावर हे चौघं दर वर्षी एकदा पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमत. एकच मार्च वाजवत. त्यांच्या बँडमास्तरांनी स्वतः बांधलेला. बँडमास्तर वारले, पलटणीत नवे आले, सुरावटींचे नवे कागद आले, जुने कुठे गेले ते कुणाला ठाऊक नाही. तो मार्च फक्त ह्या चौघांच्या तोंडात उरला होता.

मी तो एकदाच ऐकला, अमळनेरची पाळी होती तेव्हा. खरं सांगतो, रोज सकाळी मला छळणारं ते 'प्याँ' त्या दिवशी नेमकं मधे बसलं. ते नसतं तर सगळं लंगडं झालं असतं. चाल मात्र मला आठवत नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही आणि तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढण्यात गर्क होतो.

वाजवून झालं, की जेवण, आणि जेवणावर एकच भांडण. कुठल्याशा जंक्शनवर गाडी बदलताना पलटणीचा ढोल फलाटावर राहिला होता. तो कुणी विसरला? सुपडू म्हणत, मी लघवीला गेलो होतो, दगावर सोपवला होता. नाना म्हणत, साफ झूट. एकनाथ म्हणत, तुम्ही दोघंही झोपला होतात. तोताराम शेवटी निकाल द्यायचे, आणि तो दर वर्षी वेगळा असायचा. हसता हसता चौघांचे डोळे भरत. चाळीस वर्षं जुना ढोल, पण त्याच्यावाचून त्यांना जेवण जात नसे.

आधी एकनाथ गेले. मग सुपडू. दीपनगरला मीच नानांना घेऊन गेलो होतो. सुपडूला खांद्यावर उचलायच्या आधी नाना त्यांच्या कानाशी वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जाय आते. ढोल मीच इसरनू व्हतू." सुपडूची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. 

त्यानंतर नाना सकाळी वाजवत, पण मधेच थांबत. एकदा मी गच्चीवरून विचारलं तेव्हा म्हणाले, "समोरनं ऐकू येत नही."

"काय ऐकू येत नाही?"

"चाल. आधी मन्हा डोकामा कोणी तरी वाजवे. आते फक्त आकडा शेतस."

मी म्हणालो, "नाना, चोवीस वर्षं त्या मार्चमध्ये उभे होतात. चाल गुणगुणता येत नाही तुम्हाला?"

 त्यांचा चेहरा असा पडला, की विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "मी ऐकी कव्हय?" ते म्हणाले. "मी ते मोजत व्हतू."

आयुष्यभर ज्या चालीच्या फटी भरल्या, ती चाल ह्या माणसाने कधी ऐकलीच नव्हती! चाल येणारा आता एकच माणूस उरला होता. तोताराम. आणि त्याच आठवड्यात धुळ्याहून निरोप आला, की तोताराम अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेत. नाना दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात हजर. हॉर्न चादरीत बांधलेला. "चाल मन्हासंगे. तुन्हा मोबाइल चार्ज करी ले. त्यानाकडथीन चाल लेवानी शे."

 एसटीत नाना मोजत नव्हते.

तोताराम खिडकीजवळच्या खाटेवर होते. तोंड एका बाजूला गेलेलं. क्लॅरिनेट माळ्यावर, त्याच्या भोकांवरच्या गाद्या कसरीने खाल्लेल्या. सूनबाईंनी खुर्च्या दिल्या आणि सासऱ्यांना मोठ्याने सांगितलं, "अमळनेरचे नाना आलेत." तोतारामांनी नजर वळवली. ती नानांवरून माझ्यावर आणि माझ्यावरून भिंतीवर गेली.

"तोता, मी दगा. सेकंड हॉर्न." काही नाही. "चाल सांग मन्हा भाऊ. एकदाव सांग. गुणगुणी दे फक्त." तोतारामांच्या घशातून एक आवाज आला, तो सूर नव्हता. नानांनी एकनाथचं नाव घेतलं, सुपडूचं घेतलं, ढोलाचंही सांगितलं. ढोलावर मला आशा होती. तोताराम भिंतीकडेच बघत राहिले.

एवढ्यात चादरीवर त्यांची बोटं हलली. एक, मग दोन, मग भराभर.

"दख, दख! बोटं दख!" नाना ओरडले. त्यांनी घाईघाईने गाठ सोडली, हॉर्न तोंडाला लावला, मला खूण केली. मी मोबाइल पुढे धरला. त्या बोटांवर नजर रोवून नानांनी तो मार्च पहिल्यापासून वाजवला. 'प्याँ.' थांबले. 'प्याँ, प्याँ.' लांब थांबले. गल्लीतली माणसं दारात गोळा झाली. सूनबाईंनी मला खुणेने आत बोलावलं, मी मोबाइल खाटेवर ठेवून गेलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "काका, त्यांची बोटं दिवसभर अशीच हलतात. डॉक्टर म्हणाले, कंप आहे. नानांना सांगू नका." मी मान हलवली. नाना तालात डोलत वाजवत होते. शेवटचा 'प्याँ' झाला, त्यांनी हॉर्न खाली घेतला आणि सावधानमध्ये उभे राहिले. तोतारामांची बोटं हलतच होती.

परतीच्या एसटीत नाना म्हणाले, "लाव." मी रेकॉर्डिंग लावलं. त्यांचे सूर होते, आणि मधल्या जागांत पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची आरोळी. नानांनी ते पूर्ण ऐकलं आणि मोबाइल परत दिला.

"चाल गयी, भाऊ," ते म्हणाले. "आते ती कोणलेच येत नही."

मी उगाचच धीर द्यायला म्हणालो, "पण त्यांची बोटं तर..."

"एकच हात हालत व्हता. क्लॅरिनेटले दोन हात लागतस."

 मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं, तर थांबला का नाहीत?"

नानांनी चादरीची गाठ पुन्हा घट्ट केली. "बँडमा बाजूना माणूस अडना, त आपण थांबानं नही. आपण थांबनूत, की तो अडना हाई बठ्ठासले समजस." हॉर्न मांडीवर घेत ते म्हणाले, "दारमा गल्ली उभी व्हती ना. आनि तोताराम भलता मानी माणूस शे."