नाना डॉक्टरांचा सापमार गरुड

आर्णीत कुणाचा दात दुखायला लागला, की तो आधी नाना डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या कडुनिंबाकडे पाहतो. निंबावर शिक्रा, तो छोटा शिकारी पक्षी, बसलेला असला, तर मुकाट्यानं घरी जाऊन दाताखाली लवंग धरतो.

हे मी स्वतः भोगलंय. माझं कटलरीचं दुकान आणि डॉक्टरांचा दवाखाना, मध्ये एकच भिंत. माझी अक्कलदाढ काढायची होती. इंजेक्शन देऊन झालं, चिमटा दाढेला लागला, आणि मागच्या निंबावर खारी एकदम ओरडायला लागल्या, शिक्रा आला की ओरडतात तशा.

"आ तसाच ठेवा, आलोच!" म्हणत डॉक्टर कॅमेरा उचलून पळाले.

मी आ वासून बसलो. बाहेरच्या बाकावरची एक म्हातारी आत डोकावली. "काहून रे बाबू, डॉक्टर कायले पळाला? तुह्या तोंडात असं काय दिसलं त्याले?"

डॉक्टर परतले ते घामाघूम, पण चेहरा असा, जणू घरी बारसं आहे. दाढेआधी फोटो दाखवला. फोटोत निंबाची फांदी आणि कोपऱ्यात एक शेपूट.

"पट्टे पाहा, पट्टे!"

त्यांचे बहुतेक फोटो असेच. एकात विजेची अख्खी तार आणि कापशी घारीचा अर्धा पंख. दुसऱ्यात नुसतं आभाळ. "आत्ता होता इथं," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. दवाखान्याच्या भिंतीवर हीच चित्रं टांगलेली. वरच्या खोल्यांत ते एकटेच राहतात, तिथंही हेच.

या माणसाची एकच हौस राहिली होती. सापमार गरुड पिल्लाला साप भरवतो, तो फोटो. कित्येक उन्हाळे गेले. यंदा गावाबाहेरच्या माळावर, एका ठेंगण्या बाभळीत, त्यांना घरटं सापडलं. रविवारी त्यांनी मला गाडीवर मागं बसवलं, का तर कॅमेऱ्याची तिपाई धरायला माणूस हवा. दोघांपुरता डबा मी पिशवीत घेतला.

आम्ही पळसाच्या झुडपाआड दबून बसलो. घरट्यात एकच पिल्लू, पांढऱ्या कापसाच्या बोंडासारखं. ऊन चढलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या.

"हालू नका," डॉक्टर पुटपुटले. "आली!"

मादी आली होती. चोचीतून गिळलेल्या सापाची शेपटी लोंबत होती. ती बाभळीवर उतरायला आली आणि आम्हाला पाहून वर उठली. परत आली, परत उठली. खाली पिल्लू मान ताणून ओरडत होतं.

डॉक्टरांनी कॅमेऱ्यावरून बोट काढलं. "चला."

"अहो, आता उतरेल! थोडं थांबा."

"नाही उतरणार. आपण हाओत ना इथं." दवाखान्यात पुस्तकी मराठी बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला. "लेकरू भुकेलं हाये तिचं."

तिपाई खांद्यावर टाकून आम्ही पार दूरच्या शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत चालत गेलो. तिथून बाभूळ मुठीएवढी दिसत होती. फोटो शक्यच नव्हता. डॉक्टरांनी दुर्बीण लावली आणि लहान पोरासारखी एक उडी मारली.

"बसली! शेपूट ओढून राह्यलं पोट्टं! मायच्या तोंडातून साप ओढून काढून राह्यलं! पाहा, पाहा!"

मी पाहिलं. पिल्लू पाय रोवून मागं मागं सरकत होतं, साप काही संपत नव्हता. आम्ही दोघंही मोठ्यानं हसलो.

हसता हसता डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाला पुसत राहिले.

"माही माय निंदायले जाये दुसऱ्याच्या वावरात," ते म्हणाले. "आजी म्हणे, जेवून घे. मी नाही जेवो. सांजच्या पारी फाट्यावर तिचं लुगडं दिसलं, का मग मले भूक लागे."

त्यांनी पुन्हा एकदा बाभळीकडे पाहिलं, आणि धुऱ्यावर मांडी घालून बसले.

"काढा डबा. लय भूक लागली."