फोटोशिवाय चांदणी नाही

सत्कर्म मुळात चांगलंच असतं. पण मोजमाप नसेल तर त्याला शिस्त राहत नाही. पनवेलच्या आमच्या प्राथमिक शाळेच्या समितीला हे वेळीच उमगलं, याबद्दल तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पूर्वी दीनियातचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा तास अगदीच साधा असे. दुसरीच्या वर्गात कोकणी मुसलमानांची मुलं, कळंबोलीच्या ट्रकवाल्यांची, सुकापूरच्या फ्लॅटमधली आणि वीटभट्टीवरून येणारी चिंगी, अशी सगळी एकत्र बसतात. म्हणून सायरा टीचर पाठांतर बाजूला ठेवून एवढंच सांगत, "रस्त्यात कुणाला लागेल असं काही दिसलं तर बाजूला करायचं. भेटेल त्याला हसून भेटायचं. हासुद्धा सदका आहे, म्हणजे दान." मुलं ते करतही. पण कुणाला न सांगता करत, त्यामुळे प्रगती कळायला मार्ग नव्हता.

समितीचे अध्यक्ष यूनुसभाई (हार्डवेअरचं दुकान, स्वभाव उदार) यांनी मग प्रेरणा योजना आणली. एका सत्कर्माला एक चांदणी. पुरावा म्हणून पालकांनी काढलेला फोटो. ज्याच्याकडे चांदणी, त्यालाच सहलीच्या दिवशी मोरा बंदराच्या बोटीत जागा.

"भाई, मुलं चांदणीसाठीच करायला लागतील," टीचर म्हणाल्या.

"तेच तर हवंय," भाई म्हणाले.

योजना अपेक्षेबाहेर यशस्वी झाली. आठवड्याभरात गल्लीतले दगड संपले. (खड्डे शिल्लक होते, पण ते उचलता येत नाहीत.) तेव्हा रूपेशने घरून दगड आणला, रस्त्यात ठेवला, उचलला आणि फोटो काढून घेतला. यूम्नाने तोच दगड उसना नेला. एका मयतीच्या घरी अर्धा वर्ग हसत हसत जाऊन आला. सत्कर्मांत चारशे टक्के वाढ झाली, आणि गल्लीतल्या दगडांतही.

चिंगीला मात्र एकही चांदणी नव्हती. तिच्या आईबापाकडे कॅमेऱ्याचा फोन नाही, आणि नियम सगळ्यांना सारखा.

सहलीच्या आदल्या दिवशी शाळेच्या दारात यूनुसभाई अशाच एका दगडाला अडखळून पालथे पडले. मुलांनी धाव घेतली आणि शिकवल्याप्रमाणे दगड बाजूला केला. पाच वेळा केला, कारण फोटो काढणारे पालक पाच होते. भाईंना उचलण्याला चांदणी नव्हती. त्यांना चिंगीने हात दिला आणि त्यांच्या गुडघ्याची माती झटकली.

"लागला काय काका? आता मना चांदनी देशील ना? बोटीत बसायचा हाय."

भाईंना भरून आलं. समितीची तातडीची बैठक झाली. "मी पाहिलंय," टीचर म्हणाल्या. पण पाहणं म्हणजे फोटो नव्हे. पडलेल्या माणसाची साक्ष चालते का, याबद्दल नियम गप्प होता. भाईंनी जड अंतःकरणाने नियम पाळला.

आता आपलं. हे वाचताना आपण एकदा तरी हसला असालच, आणि हसणं हासुद्धा सदका आहे. आपल्याकडे फोटो नसेल, पण आपण शिकलेले दिसता, म्हणून समितीने आपल्या शब्दावर विश्वास ठेवला आहे. बोटीत चिंगीची जागा रिकामी आहे. ती आपल्याला दिली आहे.