एकाच माणसाची गाडी

राजेश्वरी नवऱ्याच्या छातीवर रक्तगट टाचत बसली होती. नवरा आत नव्हता, नुसता त्याचा तो गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग शिवलेला जाड पोशाख तिच्या मांडीवर आडवा पडला होता. वर 'शंभूराज', खाली 'बी पॉझिटिव्ह'. शर्यतीचा नियमच तसा होता. "बेशुद्ध पडलो तर कुनी इचारत बसाय नको," असं तो म्हणाला होता, आणि तेही 'आमटीत मीठ कमी हाय' म्हणावं इतक्या सहज. उरलेल्या लाल दोऱ्यानं बाळाच्या झबल्याला काठ घालावा असं तिच्या मनात आलं. मग तिनं तो दोरा मुकाट्यानं रिळाला परत गुंडाळला आणि निळा काढला.

घड्याळाखालच्या फळीवर मद्रासहून आलेला शर्यतीचा फॉर्म पंधरा दिवस पडून होता. तिचे सासरे, हंबीरराव आबा, फौजेत तीस वर्षं लॉरी चालवून आलेले. त्यांनी तो इंग्रजी कागद हुकूम वाचावा तसा उभं राहून वाचला होता. "मृत्यू, अथवा कायमचं अपंगत्व, अथवा जळनं. कशालाच मालक जबाबदार न्हाईत. खाली ड्रायव्हरची सही. त्याच्याखाली बायकूची." राजेश्वरी तेव्हा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बघू." पंधरा दिवस ती 'बघू' म्हणत होती, आणि उद्या पहाटे गाडी न्यायला टेम्पो येणार होता.

तीन वर्षांमागं तिचा धाकटा भाऊ आप्पासो सकाळी डबा घेऊन मोटरसायकलवर गेला आणि संध्याकाळी चादरीतून घरी आला. माहेराहून, आटपाडीहून, फोन आला होता तो दोनच शब्दांचा, 'ताबडतोब निघा.' तेव्हापासून घरचं कुणीही गाडीवर बसलं की ती मनात आकडे मोजायची. शंभरापर्यंत गेली की परत एकपासून. शंभूराज रोज साताऱ्याला गॅरेजात कामाला जायचा, त्यामुळं तिचं मोजणं काही संपत नव्हतं.

ही शर्यतीची गाडी तर मोजण्याच्याही पलीकडची होती. कोल्हापूरच्या एका हौशी माणसानं पाय दोन ठिकाणी मोडून घेतल्यावर ती विकली होती. ही गोष्ट शंभूराजनं घरात सांगितली नव्हती. गाडी पोचवायला आलेल्या माणसानं चहा पिता पिता सांगितली. सांगाड्याच्या वाकलेल्या नळ्या सांगलीच्या गुंडा मिस्त्रीनं सरळ करून दिल्या. त्यानं जन्मभर उसाच्या ट्रॉल्याच बांधलेल्या, त्यामुळं जोड मजबूत होते. इंजिन मारुतीचं. बाकी गाडीला छत नाही, दार नाही, दिवा नाही, हॉर्न नाही. लांबट होडीला चार चाकं बाहेरून अडकवावीत तशी ती दिसायची.

"राजू, तुझा भाऊ रस्त्यावर गेला," शंभूराज तिला समजावून थकला होता. "तिथं समोरनं कोन येत न्हाई गं. समदी एकाच बाजूला जात्यात. आयुष्यात एकदा तरी, समोरनं कोन न येनाऱ्या वाटंनं जाऊन बघायचंय मला."

"आनि परत यायचंय का न्हाई?" ती विचारायची. त्यावर तो हसायचा. तिला ते हसणं आवडायचं, म्हणून जास्तच राग यायचा.

त्या दिवशी दुपारी सासूबाई चंद्राबाईंनी पूजा काढली. गाडी दाराम्होरच्या कडुनिंबाखाली आणून ठेवली. तिच्यापुढं चार पावलं सपाट जमीन, आणि तिथून रस्ता थेट ओढ्यापर्यंत उतरत गेलेला. भावकीतली वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. गाडी पहिल्यांदाच एवढ्या लोकांत आली होती आणि प्रत्येकाला तिच्यात काहीतरी कमी दिसत होतं.

"मडगार्ड कुटं हाय रं?" चुलतसासरे तात्याबा म्हणाले.

"नसतंय, तात्या. चाकं उगडीच असत्यात."

"मग चिखल?"

"चिखलात न्हाई न्यायची."

"मग न्यायची कुटं? आपल्याकडं तर चिखलच हाय."

चंद्राबाईंना वेगळीच काळजी होती. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत वाकून पाहिलं आणि पोराकडं वळल्या. "बसायला एकच जागा? बायकू कुटं बसायची?"

"आई, एकाच मानसाची गाडी हाय ती."

"आरं, नवी गाडी जोडीनं लिंबावरनं घ्यायची असती. तुझ्या बापानं सायकल घेतली तवासुदीक मी डबलशीट बसली हुती. एकटा बसलास तर एकटाच..." पुढचं त्यांनी तोंडात दाबलं, पण ते सगळ्यांना ऐकू आलं. राजेश्वरीलाही.

आबांनी फौजी तोडगा काढला. "गप बसा समदी. सूनबाई आत बसंल. शंभू मागनं ढकलंल. झाली जोडी."

राजेश्वरीनं बाळ सासूकडं दिलं. तिला त्या होडीत पाय लांब करून, जवळजवळ निजवूनच बसवलं. आबांचा नियम कडक होता. वाहनात बसायचं तर पुऱ्या बंदोबस्तानं. म्हणून शंभूराजनं तिच्या खांद्यावरून, कमरेवरून पट्टे घेऊन पोटाशी एका गोल कुलपात खटकन अडकवले. डोईवरच्या पदरावरून हेल्मेट घातलं. चंद्राबाईंना कुंकू लावायला कपाळच सापडेना, म्हणून त्यांनी ते काचेवर लावलं.

"पाय कुटं ठेवू?" हेल्मेटातून तिनं विचारलं.

"म्होरं ब्रेक हाय."

"लागंना की."

"माझ्या मापाचा हाय त्यो. तुला काय करायचाय? चार पावलं तर जायचं. पेट्रोलबी काडून ठिवलंय."

चाकांखाली चार लिंबं ठेवली. आबांनी नारळ फोडला, तात्याबांनी "येळकोट येळकोट" म्हणून आरोळी दिली. शंभूराज मागून ढकलायला वाकला. इथंच घात झाला. त्या गावाला फसलेली उसाची गाडी ढकलायची सवय होती. कुणी ढकलताना दिसला की हात लावायचा, ही तिथली रीतच. बारा जणांनी हात लावला. तीन टन ऊस हलवणारा जोर त्या साडेचारशे किलोच्या होडीला बसला.

लिंबं चिरडली. सपाट चार पावलं संपली. आणि गाडी हातातून गेली.

"धरा!" शंभूराज ओरडला. पण धरायला गाडीला मागं काहीच नव्हतं.

उताराच्या निम्म्यावर बनुबाईंनी गोणपाटावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. राजेश्वरीला त्या दिसल्या, टाळता आल्या नाहीत. चाकांवर मडगार्ड का असावं हे तात्याबांना त्या क्षणी नीट कळलं. उघड्या चाकांनी मिरच्या रगडून, बियांसकट मागं उधळल्या आणि मागून धावत येणारं अख्खं गाव त्या लाल ढगात शिरलं. पुढं उसानं भरलेली बैलगाडी होती. राजेश्वरीनं हातातलं चाक वळवलं. गाडी इतकी आज्ञाधारक निघाली, की तिनं मनात आणण्याआधीच ती वळली होती. मग दगड. तोही चुकला. तिला एवढंच जाणवलं, की ती मोजत नाहीये. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या डोक्यात एकही आकडा नव्हता. ओढ्याच्या काठाला पाचटाचा, उसाच्या वाळल्या पाल्याचा, घराएवढा उंच ढीग रचलेला होता. तिनं तो नेमका धरला.

पाचट वरून ढासळलं आणि सगळं गप्प झालं.

गाव पोचलं तेव्हा ओढ्यावर ना गाडी होती, ना बाई. पाण्यावर धुणं धुणाऱ्या तानुबाईंना दिसलं ते एवढंच, की अख्खी भावकी ढसाढसा रडत, नाक पुसत, ठेचकाळत उताराला येतेय, आणि चंद्राबाईंच्या कडेवर बाळ आहे पण त्याची आई नाही.

"कोन गेलं वं?" तानुबाईंनी विचारलं.

तात्याबांना मिरचीनं बोलवेना. त्यांनी नुसता ओढ्याकडं हात केला. त्यापुढं विचारायचं काय उरलं? तानुबाईंनी गळा काढला. त्यांचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला होता. त्यांनी काढला की खरं-खोटं कुणी बघत नसे.

पाचटाखाली राजेश्वरी सुखरूप होती. पट्ट्यांनी तिला जागची हलू दिलं नव्हतं. फक्त ते गोल कुलूप उघडायचं कसं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती "आवं!" म्हणून ओरडली, पण आवाज हेल्मेटातच फिरला. दुसऱ्यांदा ओरडणार, तोच तिला सासूबाई ऐकू आल्या.

"माझी सोन्यासारखी सून गं! भाकरी कशी, चांदावानी! उलटून कवा बोलली न्हाई गं मला!"

राजेश्वरी थबकली. लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत तिची भाकरी एकतर जाड होती, नाहीतर करपलेली. तिनं ओरडायचं जरासं लांबवलं. बनुबाईंनीही हुंदका दिला, "मिरच्या गेल्या तर गेल्या, पन पोर लय गुनाची हुती." आबांचा आवाज आला, फाटलेला, "म्या बसवलं तिला. म्या."

हे ऐकून तिला वाईट वाटलं. पण शंभूराजचा आवाजच येत नव्हता. ती कान देऊन राहिली. येत होता तो नुसता सळसळाट. जवळून, सारखा, कुणीतरी दोन्ही हातांनी पाचट ओरबाडून काढत असल्याचा. आणि त्यात मधेच, दबक्या घोगऱ्या आवाजात, "एकवीस, बावीस, तेवीस..."

तो मोजत होता.

"आवं," ती जीव खाऊन ओरडली, "मी हाय हितं! ह्यो पट्टा कसा काडायचा?"

ढिगाला भगदाड पडलं आणि तिला नवरा दिसला. पाचटानं हाताची कातडी निघालेली, डोळे लालभडक, तोंडात माती. त्यानं कुलूप फिरवलं, तिला बाहेर ओढलं आणि तो तिथंच, साऱ्या गावासमोर, तिच्या पायाशी बसून ओकला. चंद्राबाईंनी सुनेला वरखाली पाहिलं, बाळ तिच्या हातात दिलं, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "लवकर बोलाय काय झालं हुतं गं? मगापासनं वरडतूय आमी."

गोष्ट इथंच मिटायची. पण तात्याबा तोवर एम-ऐंशी फटफटीवर बसून रहिमतपूरच्या एसटीडी बूथवर पोचले होते. त्यांना मिरचीनं अजून धड बोलता येत नव्हतं. फोनवर दोनच शब्द आले, 'ताबडतोब निघा.'

दिवस मावळायला आटपाडीहून जीप आली. आत आठ माणसं, सवाष्ण गेली की माहेरहून आणतात तसलं एक नवं हिरवं लुगडं, आणि पुढच्या सीटवर राजेश्वरीचे दादा, म्हणजे वडील. ते उतरले, अंगणात आले, तर मुलगी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. दादा तिथंच खाली बसले. ती उठून आली तसं त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. बाजारात कलिंगड बघावं तसं चारी बाजूंनी चाचपलं.

"गाडी कोन चालवत हुतं?" बऱ्याच वेळानं ते म्हणाले.

"मीच."

दादा आधी रडले. मग हसले. मग म्हणाले, "भूक लागली."

आठ पाहुण्यांना आणि निम्म्या भावकीला जेवण झालं. लुगडं चंद्राबाईंनी ठेवून घेतलं, "आनलंच हाय तर" म्हणून. आटपाडीकरांनी गाडी पाचटातून काढून अंगणात आणली. पुढच्या नाकाला एक चीर सोडली, तर गुंडा मिस्त्रीचा एक जोडही हलला नव्हता.

शंभूराज पायरीवर बसला होता. हाताला हळद लावलेली.

"टेम्पोवाल्याला सांगून येतो," तो म्हणाला, "येऊ नको म्हनून."

"का?"

"राजू, मी वर हुतो. तू खाली जात हुतीस." तो तिच्याकडं वळला. "तुला रोज असं हुतंय?"

"रोज."

"मग न्हाई जात मी."

ती त्याच्याशेजारी बसली. बाळ मांडीवर झोपलं होतं, झबल्याचा निळा काठ अर्धाच झालेला. "आवं, एक सांगू? आत काईच न्हाई वाटत. भ्या समदं भायेर हुबं ऱ्हातंय त्याला. मी आत हुते तवा आप्पासोची आठवन आली. पन वाईट नव्हं. म्हनलं, त्योबी असाच गेला असंल. मोजत बसला नसंल." तिनं झबल्याचा निळा काठ सारखा केला. "तीन वर्सं मी त्याच्यासाठी भ्याले. त्यो न्हाई भ्याला."

ती उठली. बाळ नवऱ्याच्या मांडीवर दिलं. फळीवरचा फॉर्म घेतला, आबांचं पेन घेतलं, आणि मृत्यू, अपंगत्व अन् जळण्याच्या खाली, नेमून दिलेल्या रेघेवर सावकाश, सुवाच्य अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. शंभूराज बाळाला घट्ट धरून नुसता बघत होता.

"जावा," ती म्हणाली. "मी मोजते. सवय हाय मला."

मग दारात थांबून तिनं अंगणातल्या गाडीकडं पाहिलं.

"पन परत आल्यावर," ती म्हणाली, "तेवडं ब्रेकचं पेडल चार बोटं मागं घ्या."