वामनभटजींची भूक

वामनभटजी श्राद्धाच्या पानावर बसले की आधी विचारतात, "गेलेल्या माणसाला काय आवडायचं?"

उत्तर मिळेपर्यंत पानाला हात लावत नाहीत. घरच्यांची पंचाईत होते. पणजोबांना काय आवडायचं हे पणतवाला कुठून ठाऊक असणार? मग आतून एखादी म्हातारी सांगते, त्यांना आमटीतलं खोबरं आवडायचं, नाहीतर वड्याची करपलेली कड. तेवढं कळलं की भटजी मान हलवतात आणि ती वस्तू दोनदा मागून घेतात. एकदा स्वतःसाठी, एकदा त्या माणसासाठी. बाकीचं पान तर संपवतातच.

मला हे आधी ढोंग वाटायचं. खायला सबब लागते, ती काढली आहे, असं मी आमच्या ह्यांना सांगितलंही होतं. माझ्या सासऱ्यांना बासुंदी आवडायची. त्यांच्या तिथीला घरच्यांच्या वाट्याला बासुंदीचं भांडं तेवढं यायचं. पण एकदा आमच्याच माधवगंजात एका घरी मी वाढायला होते. तिथल्या गेलेल्या आजींना कारलं आवडायचं. वामनभटजींना कारलं म्हणजे विष. त्यांनी ते दोनदा मागून घेतलं, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं तरी खाल्लं. त्या दिवसापासून मी ढोंग म्हणणं सोडलं. येडेपणा म्हणते.

नाव वामन, पण पाटावर बसले की दुसऱ्याला पाऊल ठेवायला जागा उरत नाही. सवाऱ्या नेणारे टेम्पोवाले त्यांना लांबून पाहतात आणि वेग वाढवतात. कुणी वजनावरून बोललं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. पोटावर हात फिरवून म्हणतात, "पोट आपलं, भूक लोकांची. ह्यात आपल्या लष्कर भागातले निम्मे म्हातारे आहेत."

ते खोटंही नव्हतं. लष्कर भागातल्या मराठी घरांतली मुलं इंदूरला नाहीतर पुण्याला गेली. मागे राहिली माणसं आमच्यासारखी. भटजीही थोडेच उरले. त्यामुळे पितृपक्षात सगळ्यांचे वाडवडील ह्या एकाच पोटाच्या भरवशावर.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सासऱ्यांच्या तिथीला जेवण झालं आणि भटजी पाटावरून उठेचनात. गुडघे आखडले. शेजारचे दोघे आले, दूधवाला आला, आमच्या ह्यांनी ऐंशीच्या वयात धोतराचा काठ धरून ओढलं, त्याचा उपयोग काय व्हायचा होता? शेवटी पाटासकट भिंतीकडे सरकवलं, तेव्हा खिडकीचे गज धरून उभे राहिले.

डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशन लागेल, पण एवढ्या वजनावर हात लावणार नाही. आधी उतरा. उतरायचं कसं हे भटजींना ठाऊक नव्हतं. एकादशीला साबुदाणा खाऊन त्यांचं वजन वाढायचं.

मग दवाखान्यातल्या कुणीतरी सांगितलं की इथे जाड माणसांवर संशोधन चाललंय. भूक कमी करणारी सुई आहे, आठवड्याला एक, पोटात टोचायची. मात्र काहींना खरं औषध मिळणार आणि काहींना नुसतंच पाणी. कुणाला काय मिळतंय ते आजाऱ्याला कळणार नाही, डॉक्टरलाही नाही. सगळं संपल्यावर उघडणार. मी म्हटलं, ही कसली दवाई, देणाऱ्यालाच माहीत नाही. भटजींना मात्र ते फार पटलं. म्हणाले, "आपणही तर्पण करतो वहिनी. पोचलं की नाही ते कुठे कळतं?"

तिथली डॉक्टरीण भोपाळकडची, तरुण, शांत पोरगी. तिनं सह्या घ्यायच्या आधी सगळं समजावून सांगितलं, केव्हाही सोडता येईल हेही सांगितलं. भटजींनी ऐकून घेतलं आणि हातावर पाणी मागितलं. तिला वाटलं तहान लागली. भटजींनी तिथेच खुर्चीत बसून गोत्राचा उच्चार करून संकल्प केला, मग सही केली. आपलं गोत्रही लिहून घ्या म्हणून हटून बसले. वजनकाट्यावर चढताना जानव्याचं वजन धरू नका म्हणाले. ती हसली नाही. मला त्या पोरीचं तेवढं आवडलं.

भटजींचा फ्रीज बिघडलेला, म्हणून सुया माझ्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. दर सोमवारी ते आंघोळ करून, सोवळं नेसून यायचे. सोवळ्यात फ्रीजला शिवायचं नाही, म्हणून मी काढून द्यायची. पूर्वेला तोंड करून, आचमन करून टोचून घ्यायचे. सोमवारी सकाळी राहुकाळ असतो, म्हणून तो टळेपर्यंत माझ्या ओट्यावर बसून राहायचे आणि मला भाजी कशी चिरावी ते शिकवायचे.

दवाखान्यात प्रश्नही फार विचारायचे. जाड माणूस का खातो, ह्याचाच त्यांचा अभ्यास. पहिल्याच वेळी डॉक्टरिणीनं विचारलं, "पंडितजी, एक से दस के बीच बताइए, भूख कितनी लगती है?"

भटजींनी विचारलं, "किसकी?"

तिनं सांगितलं की भूक पोटात नसते, डोक्यात असते, पोट भरल्याचा निरोप काहींच्या डोक्यात उशिरा पोचतो. भटजींनी तिला पितर समजावले. दोघांनाही एकमेकांचं पटलं नाही, पण त्यानंतर ती दर वेळी भटजींना शेवटी बोलवायची, म्हणजे मागे रांग नसावी.

चैत्रात सुया सुरू झाल्या. आषाढात एक दिवस भटजी सोमवार नसताना माझ्याकडे आले. घरात चोरी झाल्यासारखा चेहरा. म्हणाले, "वहिनी, पोटात कुणी बोलतच नाही." दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरीकडे हात गेला नाही म्हणे. मी म्हटलं, चांगलं आहे की, औषधवाल्यांत निघालात. पुढे वजन उतरत गेलं, गुडघे थोडे वाकायला लागले. माणूस मात्र गप्प होत चालला.

श्रावण संपला तसा मला उलगडा झाला. पितृपक्ष येत होता. सुई घ्यावी तर भूक नाही, सोडावी तर गुडघे नाहीत. मी सरळ सांगितलं, पंधरा दिवस नका टोचू, कोण बघतंय? ते डॉक्टरिणीला विचारून आले. ती म्हणाली होती, सोडायचं तर सोडा, कोणी रागावणार नाही. पण न टोचता टोचली म्हणून सांगू नका, नाहीतर माझं सगळं काम खोटं होईल.

"आणि मी संकल्प केलाय," भटजी म्हणाले. "तो मोडून दुसऱ्याच्या श्राद्धाला बसू कसा?"

मग त्यांनी आपलाच तोडगा काढला. जे गेलेल्याला आवडायचं तेवढंच खायचं, बाकी पानाला हात जोडायचे. आमच्याकडे तसंच झालं. आता पाटाऐवजी खुर्ची, पुढे टेबल. एक वाटी बासुंदी घेतली. दुसरी घेताना डोळे मिटले, डोंगर चढल्यासारखे थांबत थांबत ती संपवली आणि उठले. वडे, भाजी, आमटी, सगळं पानात तसंच.

आमचे हे रुसून बसले. म्हणाले, बाबा अर्धपोटी गेले. मी म्हटलं, तुमचे बाबा हयातीत एकदाही अर्धपोटी उठले नाहीत, एक दिवस चालेल.

बाकीच्या घरांनी एवढं चालवून घेतलं नाही. त्यांनी दाल बाज़ारच्या बाजूला राहणारा एक तरुण भटजी धरला. तो पान चाटूनपुसून संपवतो. काही विचारत नाही. डाव्या हातानं मोबाईल बघतो.

नवमीला वामनभटजींनी मला जेवायला बोलावलं. दरवर्षीच बोलावतात. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध ह्या नवमीला असतं आणि त्याला सवाष्ण जेवू घालावी लागते. त्यांची बायको शकू जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिच्या ओळखीच्या सवाष्णी एकेक करत कमी झाल्या. आमचे हे टिकलेत म्हणून मी टिकले आहे.

स्वयंपाक भटजी स्वतः करतात, आणि चांगला करतात. कुंकू लावलं, ओटी भरली, मला पाटावर बसवलं, वाढलं. स्वतः स्टुलावर बसले, हातात खिरीचा डाव. इतका वेळ गप्प बसलेला हा माणूस मला बघवेना, म्हणून जरा चिडवावं म्हटलं.

"भटजी, आज विचारलं नाहीत?"

"काय?"

"गेलेल्या माणसाला काय आवडायचं?"

डावातली खीर परत पातेल्यात गेली.

"आषाढात माझ्या पातेल्यात पहिल्यांदा भाजी उरली," ते म्हणाले. "झाकण ठेवताना मनात आलं, हिला काय उरत असेल? ती माझ्यामागून जेवायची, वहिनी. मी उठून सुपारी कातरत बसायचो. ती काय जेवली ते मी कधी बघितलं नाही. सगळ्यांच्या म्हाताऱ्यांचं मला पाठ आहे. हिचं ठाऊक नाही."

मी काही डोळे पुसणारी बाई नाही. त्यांना सुचत नव्हतं आणि मला माहीत होतं, म्हणून सांगून टाकलं.

"बेडई."

"कसली बेडई?"

"बाजारची. भाजीमंडीच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावरची, ती डाळ भरलेली पुरी, बटाट्याच्या रश्शाबरोबर. आम्ही दोघी भाजीला जायचो तेव्हा."

"बाजारची," भटजी म्हणाले. ज्या माणसानं कुणीतरी चाखली म्हणून खिरीचं अख्खं पातेलं परत पाठवलं होतं, त्याच्या बायकोबद्दल मी हे सांगत होते. "कुणाच्या हातची?"

"ते ती विचारायची नाही. चटणी तेवढी जास्त मागायची."

त्यांनी डाव खाली ठेवला, सोवळ्यावरच सदरा चढवला, काठी घेतली आणि निघून गेले. मी अर्ध्याअधिक संपलेल्या पानावर तशीच. पानावरून मध्येच उठायचं नाही हा त्यांचाच दंडक. उठलेल्या लोकांना मी त्यांच्याकडून बोलणी खाताना पाहिलंय. माझा हात वाळला. वरणावर साय धरली.

आले ते घामानं भिजून. कुठलाही टेम्पो थांबला नसणार. हातात द्रोण, तेल गळून सोवळ्याला डाग पडलेला. दोन बेडया होत्या. एक माझ्या पानात वाढली, वर चटणी घातली, पुष्कळ.

"गरम खायची की गार?" त्यांनी विचारलं.

"उभ्यानं खायची," मी म्हटलं. "पदर सावरून, इकडेतिकडे बघत."

मला वाटलं, आता शास्त्र सांगतील. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्यापुढे हात केला.

"मग उठा, वहिनी."

माझे गुडघेही काही नवे नाहीत. त्यांनी ओढलं, मी जोर केला, कशीबशी उभी राहिले, आणि गळ्यापर्यंत जेवले होते तरी ती बेडई खाल्ली. दुसरी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, माझ्यात जागा नाही, ही तुमच्या पोटातून तिला जाऊ दे. ते भिंतीला धरून उभे राहिले आणि एक एक घास करून त्यांनी ती संपवली. दुकानातलं खाताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"तिखट आहे," ते म्हणाले.

"ती अजून मागायची."

पुढच्या खेपेला दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले होते, माझ्या डोळ्यांचं काम होतं. डॉक्टरिणीनं आठवडाभराचं खाणं विचारलं. भटजींनी सगळं सांगितलं, बेडईसकट. तिनं मागची पानं चाळली. एवढ्या महिन्यांत बाजारचं काही नव्हतंच.

"उस वक़्त भूख थी, पंडितजी?"

"थी," भटजी म्हणाले. "मेरी नहीं थी."

तिनं त्यावर कोणता आकडा लिहिला, कोण जाणे.