लांजेवारकाकांचं पक्कं आणि कच्चं

लांजेवारकाका एकटे राहतात, तरी त्यांच्या घरी दोन वरणं शिजतात. मोठ्या भगोन्यात नेहमीचं, आल्यागेल्यासाठी. छोट्यात नव्या मसाल्याचं, ते फक्त काकांनी खायचं. तीन महिन्यांत पोट बिघडलं नाही तर तो मसाला मोठ्या भगोन्यात जातो. "पक्कं येगळं, कच्चं येगळं," असं ते आपल्याला वाढतावाढता बजावतात.

हे खूळ कॉम्प्युटरमधून स्वयंपाकघरात आलं. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, काकांच्या सरकारी दफ्तरात कॉम्प्युटर आले, पण देवनागरी लिहायची धड सोय नव्हती. टाइपरायटरवर जन्म काढलेल्या काकांनी पन्नाशीत प्रोग्रामिंग शिकून ती बनवली आणि आतल्या कोडसकट इंटरनेटवर फुकट सोडून दिली. कोणीही वापरा, कोणीही सुधारा.

सुधारणारे मात्र काकांच्या तावडीत सापडत. "चालून राहिलं ना? मंग काहून हात लावता?" हा पहिला सवाल. मग ती सुधारणा तीन महिने कच्च्यात, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या आवृत्तीत मुरायची, आणि तावूनसुलाखून निघाली तरच सगळ्यांच्या पक्क्यात. एका पठ्ठ्याने नुसता खिडकीचा रंग बदलून पाठवला होता. काकांनी कळवलं, "पयले तीन महिने पाहू द्या, डोकं दुखते का."

हसू येतं खरं, पण बिलासपूरपासून जगदलपूरपर्यंत लोक त्यांच्या पक्क्यावर डोळे मिटून काम करत. दुखणं एकच होतं. वीज गेली की लिहिलेलं सगळं जायचं.

माझं चार पानी पत्र तसंच गेलं आणि माझं टाळकं सरकलं. कारण काकांची मुलगी मंजू पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि लिहिलेलं आपोआप जतन होण्याची सोय तिने कधीच करून पाठवली होती. आठ महिने ती कच्च्यात पडून होती! मी तडक रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात काकांचं घर गाठलं.

"काका, तीन महिन्यांचा कायदा तुमचाच ना? मंग मंजूचं काहून अडवलं?"

"खोट हाय त्यात."

"दाखवा मले."

त्यांनी पत्रव्यवहार उघडला. दर आठवड्याला काकांची एक हरकत, दर आठवड्याला मंजूचं उत्तर. मी मजा म्हणून वाचायला लागलो, पण हळूहळू माझं हसू मावळलं. हरकती लहान लहान होत गेल्या होत्या. शेवटची होती, 'सूचनेच्या शेवटी पूर्णविराम नाही.' खाली मंजू: 'लगा दिया, बाबा. और कुछ?'

"काका, यात तं एकही खोट नाही."

"हव," ते खाली बघत म्हणाले. "तीन महिन्यातच पास झालं होतं. पण मंजूर केलं तं पोट्टी मले काहून लिहीन?"

भांडायला आलेल्या मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. काकाच म्हणाले, "लोकायचं नुकसान करून राहिलो मी. तुह्यासारखे किती असतीन." आणि त्यांनी मंजूचं काम पक्क्यात टाकलं.

मग तिला कळवायला बसले. 'मंजूर' एवढं लिहिलं आणि बोटं थांबली.

"आता अजून काय लिहू? कामाचं तं काहीच उरलं नाही."

"मंग तेच लिहा ना, काका," मी म्हटलं. "काम उरलं नाही, तरी तू लिहीत जा."